प्रत्येकाला एक नजर

मातृप्रेम ही सृष्टीतली सर्वांत अढळ शक्ती आहे, असं आमच्या सहलीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही शक्ती सकाळी साडेसहा ते अकरा आणि दुपारी साडेतीन ते सव्वासहा या वेळात उपलब्ध राहील, आणि जीपमधल्या प्रत्येक सदस्याला तिचा लाभ किमान एकदा देण्याची जबाबदारी कंपनीची आहे.

कंपनी माझ्या मेहुण्याची. कुणाल इंगवले, साताऱ्याचा, 'रानवाट सफारी'चा मालक. माहितीपत्रकात माझंही नाव होतं: डॉ. तुषार जगदाळे, प्राणिध्वनी-तज्ज्ञ. फोटो जुना होता. त्यात मला केस होते.

हे २०४३ सालचं. तोपर्यंत वाघ-सिंहांचे फोटो घरबसल्या तयार व्हायला लागून बरीच वर्षं झाली होती. फोनला 'पावसात भिजलेला चित्ता, मागे सूर्यास्त' एवढं सांगितलं की चहाला उकळी यायच्या आत चित्ता हजर व्हायचा, आणि हवा असेल तर तुमच्या खांद्यावर पंजाही ठेवायचा. त्यामुळे चित्त्याच्या फोटोची किंमत शून्य झाली, आणि खऱ्या फोटोची भलतीच वाढली. नवे कॅमेरे फोटोवर जागा, वेळ आणि 'समोर जिवंत प्राणी होता' असा शिक्का मारायचे. हा शिक्का नसलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्याला लोक लिफ्टमध्ये टाळत.

त्यातही प्राण्याने सरळ कॅमेऱ्यात बघितलेलं हवं. त्याला 'नजरेचा फोटो' म्हणत. बाकीच्या फोटोंना काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. प्राण्याचा जो भाग त्यांत यायचा त्यावरून नाव पडलं होतं.

आता, चित्ता माणसाकडे बघत नाही. त्याला माणसात रस नाही, आणि हा त्याचा चोखंदळपणा मला कायम आवडत आला. जीप त्याच्या लेखी एक मोठा, वास मारणारा दगड असतो. लाखभर मैलांचा प्रवास केल्याच्या थाटात आलेली माणसं तीन-तीन तास त्याच्या पाठीकडे बघत बसायची आणि संध्याकाळी कुणालला म्हणायची, "अहो, हा तर वळतच नाही." जणू तो कुणालच्या पगारावर होता. कुणालने ही तक्रार मनावर घेतली. तो तक्रारी नेहमीच मनावर घेतो; त्याच्यातला तो एक दुर्गुण आहे.

त्याने जे यंत्र आणलं त्याचं नाव 'साद'. जेवणाच्या डब्याएवढं, जीपच्या टपावर बसणारं. त्यामागचं विज्ञान सोपं आहे. पिल्लाला आईला बोलवायचं असतं तेव्हा ते डरकाळी वगैरे फोडत नाही, पक्ष्यासारखं चिवचिवतं. तारेत चिमणी अडकल्यासारखं वाटतं ऐकताना. प्रत्येक पिल्लाची चिवचिव वेगळी असते. आवाजाचा चढ, दोन हाकांमधलं अंतर, शेवटची थरथर, यांवरून पिल्लू ओळखता येतं. आईला येतंच. बारा वर्षं खपून मलाही येऊ लागलं होतं, निदान माझी तशी समजूत होती. 'साद' ही हाक घेतं आणि माणसाच्या कानापलीकडच्या, फार वरच्या पट्टीतल्या ध्वनीवर तिला स्वार करतं. तो ध्वनी बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो, आणि हवेतून जाताजाता त्यातून हाक आपोआप उलगडते. झोतात जो आहे त्यालाच ती ऐकू येते. जीपमधल्या माणसांना काहीच नाही. त्या वरच्या पट्टीतलं थोडंसं मांजरकुळाला टोचतं आणि कान ताठ होतात. कंपनीच्या पत्रकात हा दोष 'कान टवकारलेले मिळतील' असा गुण म्हणून छापला होता.

म्हणजे आईला ऐकू येतं, आपलं पिल्लू त्या दगडातून हाक मारतंय. ती मान वळवते आणि सरळ दगडाकडे बघते. कॅमेऱ्यांना तेवढंच हवं असतं.

पिल्लांचे आवाज माझे होते. म्हणजे मी ध्वनिमुद्रित केलेले. माझा हेतू स्वच्छ होता: गळ्यात पट्टे न बांधता, नुसत्या आवाजांवरून चित्ते मोजणे. स्वच्छ हेतू संशोधकांपाशी कायम असतात, फायली मात्र दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जाऊन बसतात. माझा परवाना संपत आला होता. कुणालने मला कंपनीच्या परवान्यावर 'तज्ज्ञ' म्हणून घेतलं आणि आवाज न्यायचं ठरवलं. मी कांकूं केल्यावर बायको म्हणाली, माझ्या भावाने आजवर कधी काही मागितलंय का तुझ्याकडे? नव्हतं मागितलं, हे खरं आहे. तो मागत नाही, उचलतो.

ओलोसिरा हे मसाई माराला लागून असलेलं एक राखीव रान. तिथे माझ्याबरोबर बारा वर्षं लेमायान होता. मसाई, चाळिशीचा, ड्रायव्हर आणि वाटाड्या. पिल्लांच्या जागा त्याने शोधल्या, माईकचा दांडा त्याने धरला, मी फक्त बटण दाबून शोधनिबंधावर नाव घातलं. तो मला 'न्दुगू' म्हणायचा, म्हणजे भाऊ. मराठी मंडळींच्या संगतीत तो बरंच मराठी शिकला होता, त्यातले निम्मे शब्द खाण्याचे.

त्या वर्षी नासेरियन नावाच्या मादीला चार पिल्लं झाली. नाव मसाई लोकांनी ठेवलेलं, अर्थ 'शांत'. एक पिल्लू सिंहिणीने मारलं, एक ओढ्याला आलेल्या पाण्यात गेलं, एकाचं काय झालं ते कळलं नाही. राहिलं एक, शेपटीला बाक असलेलं, चार महिन्यांचं. लेमायान म्हणायचा, अजून दोन महिने काढले की हे तगतंय. मग ते तिच्या बरोबरीने पळेल. तो रोज सकाळी आधी त्याला बघायचा आणि मग चहा प्यायचा. पर्यटकांसाठी म्हणून नाही. त्याला ते तगायला हवं होतं, एवढंच.

यंत्रात आवाज घातला होता तो त्याच पिल्लाचा. मेलेल्यांच्या आवाजाला आई वळेना.

पहिल्या दिवशी नासेरियन पाऊण सेकंदात वळली. जीपमध्ये सहा शटर वाजली. लेमायानने मागे वळून मला विचारलं, हा कुणाचा आवाज लावलाय? मी सांगितलं. त्यानंतर कॅम्पवर पोचेपर्यंत त्याने एकाही खड्ड्याला जीप हळू केली नाही, आणि मी स्वतःला समजावलं की रस्ता खराब आहे.

कुणालने एकदाच हाक मारून सोडली असती तर कदाचित निभावलं असतं. पण आम्ही महाराष्ट्रातून आलो होतो. आमच्यात पंगतीत एकाला दोन जिलब्या गेल्या तर वाढप्याला हिशेब द्यावा लागतो. जीपमध्ये खिडकीच्या जागांची रोज पाळी लागायची. खिडकीला आलेल्याला नजर मिळाली आणि मधे बसलेल्याला नाही, असं चालणार नव्हतं. "प्रत्येकाला एक नजर," हा कुणालचा नियम. तो पाळून घेण्याचं काम वर्षाताई नगरकर करत. वर्षाताई निवृत्त मुख्याध्यापिका, वय सदुसष्ट, अत्यंत न्यायी बाई. त्यांच्याकडे वहीत यादी होती. त्यांनी स्वतःची पाळी दोनदा दुसऱ्याला दिली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण या सगळ्यात दुष्ट माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

एका जीपमध्ये सहा जण, जीपा तीन, दिवसाच्या फेऱ्या दोन. कुणाची पापणी लवली, कुणाच्या लेन्सचं झाकण राहिलं, तर त्याच्यासाठी आणखी एकदा. नासेरियनला दिवसातून चाळीस वेळा तिचं पिल्लू बोलवायचं. चाळीस वेळा ती दगडाकडे बघायची आणि दगडात पिल्लू नसायचं.

तिला वळायला लागणारा वेळ मी पहिल्या दिवसापासून मोजत होतो. पाऊण सेकंद. दीड. चार. सातव्या दिवशी फक्त एक कान वळला. हे काही गूढ नाही. हाक ऐकली, उठलो, काही निघालं नाही, असं शेकडो वेळा झालं की मेंदू त्या हाकेचं वजन कमी करतो. तो रुसत नाही की विसरत नाही, शक्ती वाचवतो. चित्तीण हळवी नसते, काटकसरी असते. धावण्यापुरतं बळ अंगात ठेवूनच तिला जगायचं असतं.

मी आलेख काढून कुणालला नाश्त्याला दाखवला. तो थालीपीठ खात होता. त्याने आलेख नीट पाहिला आणि म्हणाला, "दाजी, म्हणजे आवाज कमी पडतोय."

मी म्हणालो, आवाज नाही, विश्वास कमी पडतोय. ती खऱ्या पिल्लालाही ओ द्यायची नाही. त्यावर त्याने अगदी शांतपणे सांगितलं, की चित्त्याची बहुतेक पिल्लं तशीही मरतात, हे मीच त्याच्या माहितीपत्रकात लिहून दिलंय, पान चार. मग दह्याची वाटी पुढे केली.

त्या दुपारपासून नासेरियन पुन्हा वळू लागली. वळू कसली, ताडकन उठून जीपकडे धावत यायला लागली, तोंड उघडं, डोळे कॅमेऱ्यात. मंडळींनी असे फोटो जन्मात काढले नव्हते. मी हेडफोन लावला. गवतावरून परतून येणारा आवाज त्यात पुसट ऐकू यायचा. दोन वर्षांपूर्वी तरसाने एक पिल्लू धरलं तेव्हा मी शंभर पावलांवर होतो आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं. त्या किंकाळीचा साचा काढून कंपनीच्या माणसाने तो बाकदार शेपटीच्या आवाजावर चढवला होता. ती फाईल मी कुणालला दिल्याचं मला आठवत नव्हतं. पण सबंध फोल्डर मीच दिलं होतं, आणि मी फायलींना नावं नीट देतो. तिचं नाव 'तरस-शेवटची' होतं.

दोन दिवसांत तीही हाक जुनी झाली.

दहावा दिवस, शेवटची फेरी, पावणेपाचचा सुमार. नासेरियन एका वारुळावर बसली होती. दुपारची शिकार फसल्यामुळे पोट खपाटीला गेलेलं. पिल्लू दिसत नव्हतं. शिकारीला जाताना आई त्याला गवतात बसवून जाते आणि परत आली की हाक देते, तेव्हा ते असेल तिथेच कुठेतरी. आमच्या जीपमध्ये वर्षाताई धरून सहा जण, लेमायान आणि मी. कुणाल दुसऱ्या जीपमध्ये, ओढ्यापलीकडे सिंहांवर.

माझ्या हेडफोनमध्ये हाक आली. तीच, किंकाळीची. नासेरियनने एक कान हलवला आणि पंजा चाटू लागली. हाक पुन्हा आली, पुन्हा आली. माझं डोकं फिरलं. मी लेमायानला म्हणालो, बंद कर ते यंत्र आता, पुरे झालं, शेवटच्या दिवशी तरी सोडा तिला.

"यंत्र कॅम्पवर आहे," लेमायान म्हणाला. "चार्जिंगला."

वर्षाताई म्हणाल्या, "तरीच. मी म्हटलं, आज आपल्याला कसं काय ऐकू येतंय."

बारा वर्षं मी त्या आवाजांत काढली होती. जीपमधल्या सहाही जणांना साध्या कानांनी ऐकू येत होतं, आणि मला ते यंत्र वाटलं.

लेमायानने दुर्बीण लावली. शंभरेक पावलांवर, उंच गवतात बाकदार शेपटी दिसली. तिच्या पलीकडे, घाई नसल्यासारखी, दोन तरसं. पिल्लू आईकडे तोंड करून ओरडत होतं आणि आई पंजा चाटत होती. तिला ते ऐकू येत होतं. तिच्या लेखी तो दगडाचा आवाज होता.

ओलोसिराचा नियम असा: संकटात सापडलेल्या प्राण्याला हात लावायचा नाही, तो निसर्गाचा प्रश्न. मात्र संकट माणसामुळे आलंय असं मान्यताप्राप्त तज्ज्ञाने वायरलेसवर सांगितलं, तर त्याला तत्काळ उचलायचं. ड्रायव्हरचा शब्द चालत नाही. तज्ज्ञाचा लागतो.

लेमायानने वायरलेसचा हातातला माईक माझ्यापुढे धरला. "एक वाक्य," तो म्हणाला. "माणसामुळे. बस. मी उतरतो आणि घेऊन येतो."

मी माईक घेतला आणि कुणालला लावला.

मी सांगितलेलं त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, आमच्या यंत्रामुळे म्हणायचं तर यंत्राचं सांगावं लागेल. नियमात 'ऐकू येणारा आवाज करू नये' एवढंच लिहिलंय म्हणून ते चाललंय. एकदा कागदावर आलं की परवाना गेला, माझाही आणि तुमचाही. आवाज कुणाचे, तेही विचारतील. "दाजी, मी तुम्हाला अडवत नाही," तो म्हणाला. "तुम्ही तज्ज्ञ आहात. फक्त घरी ताईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

मागून मिलिंद देशमाने नावाचे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, की निसर्गात आपण ढवळाढवळ करू नये, हेच या सहलीतून शिकण्यासारखं आहे. वर्षाताई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसा हो." तेवढीच काय ती त्या जीपमध्ये माणुसकी निघाली, आणि तीही माझी नव्हती.

कारण मी मधला मार्ग काढला. माझ्या ध्वनिमुद्रकात नासेरियनची स्वतःची हाक होती. मी तो खिडकीत धरला आणि ती हाक वाजवली. पिल्लाने मान फिरवली, गवतातून सुसाट आलं आणि थेट जीपखाली शिरलं. तरसं थांबली. जीपमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि त्याची मला आज लाज वाटते.

नासेरियनही उठली होती. तिचाच आवाज दगडातून आलेला तिने ऐकला होता. तिने जीपकडे नीट बघितलं. दहा दिवसांत न मागता मिळालेली ती पहिली नजर. मग ती वळली आणि विरुद्ध दिशेला चालू लागली. पुन्हा थांबली नाही.

पुढचा तासभर बाकीच्या दोन जीपा आमच्या जीपखालचं पिल्लू बघायला आल्या. कुणालने जागांच्या पाळ्या लावून दिल्या, सगळ्यांना सारखी मिनिटं. आमच्या मंडळींनीही खिडकीतून हात लांबवून, कॅमेरे उलटे धरून काढले. वर्षाताईंनी वही काढली नाही. पिल्लू पुढच्या चाकाला चिकटून बसलं होतं आणि अधूनमधून मी वाजवलेल्या हाकेची वाट बघितल्यासारखं वर बघायचं.

सहाला लेमायानने पुन्हा विचारलं. अजून वेळ आहे, तो म्हणाला, पंधरा मिनिटांनी रान बंद होतं. मी म्हणालो, आई येईल परत, आपण गेलो की येईल, त्या लांब जात नाहीत. यातलं प्रत्येक वाक्य इतर चित्त्यांच्या बाबतीत खरं आहे.

इंजिन लावलं तर ते चाकाखाली येईल म्हणून लेमायानने आणि मी मागून जीप ढकलली. उतरायला मनाई होती, पण जीप ढकलण्यापुरती मुभा होती. पिल्लू जीपच्या सावलीबरोबर चालत राहिलं. वीसेक पावलं. मग उतार लागला, जीप पुढे गेली आणि ते चाकोरीत उभं राहिलं, आमच्याकडे बघत. हात लांब केला असता तर मानगुटीला धरता आलं असतं. लेमायान माझ्याकडे बघत होता. "बसा, सर," तो म्हणाला. मला त्याने 'सर' म्हटल्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रक्षकांना चाकोरीपासून थोड्या अंतरावर शेपटी सापडली. बाकामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. विमान अकराचं होतं, त्यामुळे अर्ज न्याहारीच्या टेबलावरच भरला. मृत्यूचं कारण, या रकान्यात दोन चौकोन होते. 'नैसर्गिक' या चौकोनात मी खूण केली, खाली नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि सही केली. लेमायान साक्षीदार म्हणून सही करायला आला नाही. त्याने माझ्या माईकचा दांडा तंबूच्या दाराशी आणून ठेवला होता आणि पुढच्या वर्षासाठी दुसरा ड्रायव्हर बघावा असा निरोप स्वयंपाक्याजवळ दिला होता.

विमानात कुणालने सगळ्यांकडून जीपखालच्या पिल्लाचे फोटो मागवले. पुढच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तेच घ्यायचे होते. अठरा कॅमेऱ्यांतून चारशे बारा निघाले. जीपखाली उजेड कमी असतो. एकही नीट आला नव्हता.